सापाच्या पेटीतील ऊब आणि पोटावरचा चटका

मुंबईत डिसेंबर-जानेवारीत चार दिवस पहाटे गार वारा सुटला, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाळीव सापांविषयीची पत्रे वाढतात. थंडीने आजारी पडलेल्या सापाचे पत्र त्यांत क्वचितच असते. बहुतेक पत्रे त्याला ऊब देण्याच्या खटाटोपात बसलेल्या चटक्यांची असतात. या वेळी अशा विषयाची सहा पत्रे घेतली आहेत. पहिले पत्र तातडीचे असल्याने त्या वाचकांना उत्तर त्याच दिवशी कळवले होते. ते येथे विस्ताराने देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांचा बॉल पायथन (आफ्रिकेतील अजगराची एक लहान जात) आहे. काचेच्या टाकीखाली गेल्या महिन्यात आणलेली हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) आहे. ती थेट प्लगला जोडायची असते, असे दुकानदाराने सांगितले होते. चार दिवसांपूर्वी सापाच्या पोटाचा मधला भाग गुलाबी दिसू लागला. कात टाकायची वेळ आली असेल, असे समजून आम्ही थांबलो. आता तेथे तपकिरी-लाल चट्टा असून दोन फोड आले आहेत आणि त्यांपैकी एकातून पाणी येते आहे. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल लावले. त्याने दहा दिवस काही खाल्लेले नाही, तेव्हा उंदीर द्यावा का? आणि हा चट्टा आपोआप जाईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या सापाचे पोट भाजले आहे, आणि फोडातून पाणी येऊ लागल्यावर हे प्रकरण घरगुती उपायांच्या आवाक्यातले राहिलेले नाही. मॅटचा प्लग काढा आणि शक्य तर आजच, नाहीतर उद्या सकाळी, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करण्याचा सराव असलेल्या पशुवैद्याकडे त्याला न्या. कुत्र्यामांजरांचे डॉक्टर कितीही निष्णात असले, तरी त्यांनी साप हाताळलेला असेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून तसे स्पष्ट विचारावे. ओळखीचे कोणी नसल्यास परळला १८८६ पासून चालत आलेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करून पाहावी. सापाला धुतलेल्या सुती उशीच्या अभ्ऱ्यात घालून, अभ्ऱ्याचे तोंड बांधून, तो हवेसाठी भोके असलेल्या डब्यात ठेवावा आणि टॅक्सीतला एसी बंद करायला सांगावा. सोबत पेटीचा एक फोटो आणि मॅटवर छापलेला वॅटचा आकडा घेऊन जा. डॉक्टरांचा निम्मा तपास त्यावरच होतो.

कात टाकण्याचा आणि भाजण्याचा घोळ फार जणांचा होतो, त्यामुळे त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. कात टाकण्यापूर्वी बॉल पायथनचे पोट खरोखरच गुलाबी होते. परंतु ती छटा पोटभर सारखी पसरलेली असते, सगळ्या अंगाचा रंग फिका पडतो आणि काही दिवसांत डोळे दुधाळ-निळसर होतात. भाजल्याचा गुलाबीपणा मात्र मॅटला टेकलेल्या भागापुरताच असतो, त्याला साधारण कडा असते, आणि दिवसागणिक तो ओसरण्याऐवजी गडद होत जातो. आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगतो. सापाची भाजलेली त्वचा आपली पूर्ण खोली लगेच दाखवत नाही. पहिल्या दिवशी केवळ लालसर वाटलेली जागा आठवड्या-दोन आठवड्यांनी काळी पडून सुटू लागते, असे अनेकदा होते. त्यामुळे आज दिसणारे दोन फोड म्हणजेच सगळे नुकसान, असे धरून चालू नये.

सासूबाईंनी मायेपोटी केले, हे उघड आहे, तरीही पुढे हळद आणि तेल दोन्ही बंद ठेवावे. तेलाचा थर जखमेवर धूळ आणि भुसा धरून ठेवतो. हळदीने तर आणखी एक अडचण होते, कारण खवल्यांचा रंग पाहूनच जखम किती खोल आहे याचा अंदाज बांधायचा असतो आणि हळद नेमका तो रंगच झाकून टाकते. टूथपेस्ट, तूप, शाई आणि बर्फ यांनाही हीच मनाई आहे. चटका नुकताच, म्हणजे तास-दोन तासांपूर्वी बसलेला असता, तर नळाच्या साध्या पाण्याची बारीक धार त्या भागावर दहा-पंधरा मिनिटे धरण्याचा उपयोग झाला असता. चार दिवसांनी त्याचा काही लाभ नाही.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत जखम निर्जंतुक सलाईनने हलकेच धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतके पातळ करावे, की त्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल, आणि त्यात भिजवलेला स्वच्छ कापसाचा बोळा जखमेला टेकवावा; घासू नये. न फुटलेला फोड फोडू नये, कारण त्याची वरची कातडी हेच त्या जागेचे सर्वांत चांगले आवरण असते. पेटीतला नारळाचा भुसा पूर्ण काढून तेथे कोरा पांढरा कागद अंथरावा आणि तो ओला किंवा घाण होताच बदलावा. पांढऱ्या कागदावर जखमेतून किती पाणी जाते हेही कळते. सापाला पाण्यात बसवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. साप पाण्यात विष्ठा करतात आणि उघडी जखम त्याच पाण्यात भिजत राहते. प्यायचे पाणी मात्र लहान, उथळ वाटीत सतत असू द्यावे. मुंबईत आणखी दोन शत्रू सांभाळावे लागतात, ते म्हणजे माश्या आणि मुंग्या. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर दिवसभरात अळ्या होऊ शकतात, म्हणून झाकणाची जाळी बारीक असावी आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

घरातल्या औषधांच्या डब्याविषयी कडक शब्दांत सांगणे आवश्यक आहे. ज्या मलमाच्या घटकांत ‘केन’ने शेवट होणारे सुन्न करणारे औषध आहे, ते सापाला लावू नये, माणसाची वेदनाशामक गोळी तर पावभरसुद्धा देऊ नये. माणसांच्या भाजण्यावर वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम पशुवैद्यही वापरतात, परंतु किती पातळ थर, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या टप्प्यापर्यंत, हे जखम पाहिलेल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

उंदीर आत्ता देऊ नका. गिळलेल्या भक्ष्यामुळे पोटाची कातडी ताणली जाते आणि जखमेच्या कडा उलतात. शिवाय अंगातले पाणी जखमेतून झिरपत असताना पचनाचा भार टाकणे अन्यायाचे आहे. निरोगी प्रौढ बॉल पायथन काही आठवडे न खाता राहू शकतो, त्यामुळे दहा दिवसांच्या उपासाची काळजी करू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी नेहमीपेक्षा लहान, मेलेला उंदीर द्यावा. जिवंत उंदीर चावून नव्या जखमा करतो, हे वेगळे सांगायला नको.

आता सर्वांत जास्त चुकणारा मुद्दा. भाजले म्हणून घाबरून पेटी पूर्ण थंड ठेवली जाते, आणि तेही नुकसानकारक ठरते. सापाची प्रतिकारशक्ती, औषधाचे शरीरातले वहन आणि जखम भरणे हे सगळे त्याच्या शरीराच्या तापमानावर अवलंबून असते. म्हणून मॅट काढली तरी पेटीची एक बाजू ३० ते ३१ अंश सेल्सिअसपर्यंत असावी. मात्र ही ऊब वरून किंवा खोलीच्या हवेतून यावी, खालून नव्हे.

डॉक्टर बहुधा आधी त्वचेखाली किंवा पोटाच्या पोकळीत सलाईन देतील, वेदनाशामक देतील, मेलेली कातडी काढतील आणि संसर्गाची शंका असल्यास जखमेतील नमुना तपासणीस पाठवतील. सापाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट असतो. त्यामुळे ‘पू दिसत नाही, म्हणजे जखम स्वच्छ आहे’, हा निष्कर्ष काढू नये. काही प्रतिजैविके सापाला ७२ तासांतून एकदाच टोचावी लागतात, आणि मूत्रपिंडाचा विचार करून इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे. दोन इंजेक्शनांनंतर साप तरतरीत दिसला म्हणून पुढची चुकवू नयेत.

चट्टा आपोआप जाणार नाही, पण योग्य उपचारांनी जखम भरून येईल, अशी आशा ठेवण्यास पुरेसा वाव आहे. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. प्रत्येक कात टाकताना त्या जागेचे रूप थोडे सुधारते, आणि भाजलेले साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतात. त्या भागावर कात चिकटून राहिली तर ओढून काढू नका. खाली नुकतीच धरू लागलेली कातडी तिच्यासोबत निघून येते. खोल भाजले असल्यास तेथील खवले पुढे वेडेवाकडे किंवा फिके राहतात. ते दिसायला बरे नाही, पण सापाला त्याचे काही वाटत नाही.

प्रश्न : अंधारात उंदराची ऊब ओळखणाऱ्या सापाला स्वतःचे पोट भाजते आहे हे कळत नाही, हे पटत नाही. तो बाजूला का होत नाही?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठालगत उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, आणि त्या समोरच्या भक्ष्याकडून येणारी उष्णता ओळखण्यासाठी असतात. पोटाखाली काय तापते आहे, याच्याशी त्यांचा संबंध नाही. कॉर्न स्नेक या पाळल्या जाणाऱ्या अमेरिकी बिनविषारी सापाला तर अशा खाचाच नसतात.

मूळ कारण समजून घ्यायचे तर सापाच्या दृष्टीने दगड आणि मॅट यांतला फरक पाहावा. उन्हाने तापलेल्या दगडावर साप वेटोळे घालून बसला, की त्या जागेवरचे ऊन त्याच्याच अंगाने अडते आणि दगड हळूहळू निवत जातो. विजेची मॅट नेमकी उलट वागते. तिच्यावर साप बसला, की तिची उष्णता बाहेर पडायचा मार्ग बंद होतो आणि ती होती त्याहून अधिक तापते. निसर्गात ज्या जागेवर बसल्यावर ती कधीही अधिक तापली नाही, त्या जागेवरून उठण्याची सवय प्राण्याला कशी लागणार? त्यातून भोवतालची हवा गार असेल, तर शरीराचा गाभा अजून थंडच असतो आणि साप ऊब मिळवण्यासाठी तेथेच चिकटून राहतो. गाभ्याला ऊब पोहोचेपर्यंत पोटाची कातडी भाजलेली असते.

भाजणे हा केवळ तापमानाचा प्रश्न नसून वेळेचाही आहे. माणसाच्या आणि डुकराच्या त्वचेवरील १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, की ४४ अंशांना त्वचा कायमची दुखावण्यास सुमारे सहा तासांचा सलग स्पर्श लागतो, तर ६० अंशांना पाचएक सेकंद पुरतात. सापाची कातडी वेगळी असली, तरी हिशेबाची रीत तीच आहे. आपण मॅटला क्षणभर तळहात लावून ‘छान कोमट आहे’ म्हणतो. साप त्याच मॅटवर रात्र काढतो. हाताने तापमान पाहण्याची पद्धत म्हणूनच कवडीमोल आहे.

याशिवाय, पुष्कळ पेट्यांत लपायची जागा एकच असते आणि ती नेमकी मॅटवर असते. सापापुढे मग ‘उघड्यावर पण गार’ आणि ‘आडोशाला पण तप्त’ असे दोनच पर्याय उरतात, आणि साप आडोसा निवडतो. माझ्यासमोर आलेल्या भाजलेल्या सापांच्या पेट्यांविषयी विचारल्यावर हे उत्तर इतक्या वेळा मिळाले आहे, की आता मी आधी तेच विचारतो.

प्रश्न : आम्ही कॉर्न स्नेकसाठी सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली आहे, समोर काच आहे. आत ६० वॅटचा दिवा लावावा, सासऱ्यांची गुडघे शेकायची विजेची पट्टी खाली ठेवावी, की हीट मॅट घ्यावी? लॅमिंग्टन रोडवरून थर्मोस्टॅटचे एक सर्किट आणले आहे. ते पंख्याच्या रेग्युलेटरपेक्षा बरे का?
— एक अभियंता वाचक, दादर

उत्तर : शेकायची पट्टी सासऱ्यांना परत द्यावी. ती माणसाच्या गुडघ्यासाठी, माणूस जागा आणि शेजारी असताना, अर्ध्या तासापुरती वापरण्यासाठी बनवलेली असते. सापाच्या पेटीखाली ती रात्रभर झाकलेल्या अवस्थेत राहिली, तर साप भाजेल किंवा लाकूड पेट घेईल. हीट मॅटही लाकडी पेटीला योग्य नाही, कारण लाकडातून उष्णता नीट आत जात नाही आणि मॅट व लाकूड यांच्यामध्ये ती कोंडून राहते. उष्णता देणारे नकली दगड तर कोणत्याच पेटीत नकोत. त्यांच्या आतील तार एका जागी जास्त तापते आणि साप त्यालाच विळखा घालून बसतो.

आपल्या पेटीसाठी वरून उष्णता देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ६० वॅटचा साधा दिवा दिवसा चालेल, पण तो रात्रभर जळत ठेवल्यास दिवसरात्रीचा फरकच संपतो, आणि लाल काचेचा दिवा लावून तो दोष जात नाही. प्रकाश न देता केवळ उष्णता देणारा सिरॅमिकचा हीटर रात्रीसाठी बरा, परंतु त्याचा पृष्ठभाग अतिशय तापतो. त्याला चिनीमातीचाच होल्डर हवा, प्लास्टिकचा वितळतो. दिवा असो वा सिरॅमिक, पेटीच्या आत तो उघडा ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. कॉर्न स्नेक चढण्यात पटाईत असतो, तो गरम दिव्याला सहज वेढे घालतो. म्हणून दिवा शक्यतो झाकणाच्या धातूच्या जाळीच्या बाहेर बसवावा. आत बसवणे भाग असेल, तर त्याभोवती बारीक जाळीचा पिंजरा असा लावावा, की जाळी दिव्यापासून पुरेशी लांब राहील आणि तिच्यावर सापाला टेकता येणार नाही. जाळीच चटका देण्याइतकी तापत असेल, तर तिचा उपयोग नाही.

पंख्याचा रेग्युलेटर आणि थर्मोस्टॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेग्युलेटर हीटरला किती वीज द्यायची एवढेच ठरवतो. पेटीत काय तापमान झाले आहे, याचा त्याला पत्ता नसतो. जानेवारीच्या पहाटे बसवलेली त्याची खूण मार्चच्या दुपारी घातक ठरते. थर्मोस्टॅट तापमान मोजून वीज तोडतो. सिरॅमिकसाठी चालू-बंद करणारा किंवा विजेचे बारीक ठोके देणारा थर्मोस्टॅट चालतो. दिव्यासाठी उजेड हळूहळू कमी-जास्त करणारा घ्यावा, नाहीतर दिवा सतत लुकलुकतो आणि लवकर जातो.

आपण आणलेले उघडे सर्किट अभियंत्याच्या हाती काम देईल, पण ते बंद डब्यात बसवावे, मेन्सच्या वायरी उघड्या राहू नयेत आणि घरातील त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पेटीत पाण्याची वाटी आहे, हे विसरू नये. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत रिलेचे, म्हणजे सर्किटातील वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, संपर्क गंजतात, आणि रिले ‘चालू’ स्थितीत चिकटून बसला की हीटर अखंड तापत राहतो. यावर उपाय असा, की हीटर गरजेपेक्षा मोठा घ्यायचाच नाही. थर्मोस्टॅट पूर्ण बिघडला तरी पेटी जीवघेणी तापणार नाही, इतक्याच वॅटचा हीटर निवडावा. जास्त वॅटचा घेऊन थर्मोस्टॅट त्याला आवरेल, या भरवशावर राहू नये.

तापमान मोजणाऱ्या वायरीचे टोक कोठे बसवले आहे, यावर सगळे अवलंबून असते. ते उबदार बाजूला, सापाच्या पाठीच्या उंचीवर, हलणार नाही असे पक्के करावे. ते सुटून गार कोपऱ्यात पडले किंवा पाण्याने भिजले, तर थर्मोस्टॅट पेटी थंड समजून तापवतच राहील. त्याच्यावर विसंबून न राहता दोन्ही बाजूंना वेगळे डिजिटल थर्मामीटर ठेवावेत आणि आठवड्यातून एकदा अवरक्त किरणांच्या बंदुकीने पृष्ठभाग मोजावा. कोविडकाळात घरोघरी आलेली, कपाळासमोर धरायची बंदूक यासाठी वापरू नये. ती माणसाच्या ज्वरासाठी जुळवलेली असते आणि तिचा पल्ला तोकडा असतो. औद्योगिक वापराची बंदूक घेतलीत तरी काचेतून आत मोजू नका, कारण ती आतील जागेचे नव्हे, काचेचेच तापमान दाखवते. काच उघडूनच मोजावे.

कॉर्न स्नेकसाठी उबदार बाजूला २९ ते ३१ आणि गार बाजूला २३ ते २५ अंश ठेवावेत. ज्या वाचकांकडे बॉल पायथन आहे त्यांनी उबदार बाजू ३१ ते ३३ आणि गार बाजू २५ ते २७ अंशांवर ठेवावी. लपायच्या जागा दोन, दोन्ही बाजूंना एकेक. आणि साप आत सोडण्यापूर्वी सगळी मांडणी दोन दिवस रिकामी चालवून आकडे वहीत लिहून ठेवावेत.

काचेची टाकी असलेल्यांसाठी मॅटची दोन वाक्ये जोडतो. मॅट टाकीच्या बाहेर, तळाच्या जास्तीत जास्त एक तृतीयांश भागाखाली लावावी, आणि टाकी पायांवर उचललेली असावी, म्हणजे मॅटखाली हवा खेळेल. मॅटवर भुशाचा जाड थर देऊन सुरक्षित वाटून घेऊ नये. भुशाने उष्णता खाली कोंडते, काच वाजवीपेक्षा तापते, आणि साप भुसा उकरून थेट त्या काचेवर जाऊन बसतो.

प्रश्न : मुंबईसारख्या दमट आणि उष्ण शहरात सापाला हीटर लागतोच कशाला?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : वर्षाचे बहुतेक महिने तो खरोखरच लागत नाही. सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी १६-१७ अंशांच्या आसपास असते, कुलाब्याला त्याहून दोन-तीन अंश जास्त. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला नोंदलेले ७.४ अंश हा अपवादच. बंद खिडक्यांच्या सदनिकेत त्या दिवसांतही पारा बाहेरच्याइतका उतरत नाही. अमेरिकेतील किंवा युरोपातील पाळणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून आपण त्यांच्या हिवाळ्याचा हीटर आपल्या घरात चालवतो, हे मला नेहमीच विचित्र वाटते.

खरी गरज बहुधा मे महिन्यात निर्माण होते, आणि ती एसीमुळे. रात्रभर २२-२४ अंशांवर एसी चालणाऱ्या शयनगृहात सापाची पेटी ठेवली, तर बाहेर सगळे घामाघूम होत असताना बॉल पायथनला ऊब द्यावी लागते. पेटी एसी नसलेल्या खोलीत हलवली की प्रश्न मिटतो. उलट बाजूने, खिडकीतल्या उन्हात ठेवलेली काचेची टाकी पाहता पाहता भट्टी बनते, आणि ३५ अंशांच्या वर साप फार काळ सुखरूप राहत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सबंध मुंबईची वीज गेली, तेव्हा मला आलेल्या फोनांत ‘हीटर बंद पडला, आता काय करू’ असे विचारणारे काही होते. ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात पंखा बंद पडल्याची चिंता अधिक योग्य होती.

प्रश्न : आमच्या पेटीत कसलाच हीटर नाही, तरी पावसाळ्यात सापाच्या पोटावर तपकिरी ठिपके आणि बारीक फोड आले. हे भाजणे असू शकते का?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. सतत ओल्या अंथरुणावर राहिल्याने पोटाचे खवले कुजण्याचा हा विकार दिसतो. तो चट्ट्याच्या रूपात एका जागी न येता पोटभर विखुरलेला असतो आणि पुढे दुर्गंधी येते. कोरडा कागद अंथरा, पाण्याची वाटी लहान करा, हवा खेळती ठेवा आणि फोड असल्यामुळे डॉक्टरांना दाखवाच, कारण संसर्ग रक्तात उतरला तर तो जिवावर बेततो. जुलैत मुंबईची हवा आपणहून ओली असते, तेव्हा पेटीत पाणी फवारण्याची सवय तेवढे महिने सोडावी. हीटर वाढवून पेटी ‘वाळवण्याचा’ विचार मात्र करू नये.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांना अजगराचे पिल्लू सापडले. सकाळी ते गारठून निपचित पडले होते, म्हणून डब्यात कापूस घालून शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली आहे. त्याला पाळता येईल का आणि किती ऊब द्यावी?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : त्याला पुन्हा हात लावू नका. अंगावर गोल ठिपक्यांच्या रांगा असलेले घोणसाचे पिल्लू अजगराचे समजून उचलल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात, आणि घोणसाचे पिल्लूही जन्मापासून विषारी असते. पहाटे सुस्त पडलेला साप आजारीच असतो असे नाही. ऊन चढले की तो आपणहून हलतो. पिशवीने त्याला केवळ दोन गोष्टी मिळतील : चटका आणि चावण्याइतकी तरतरी.

पाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भारतातील कोणताही रानटी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो अजगर असो, धामण असो वा दुतोंड्या. परदेशी सापांनाही मोकळे रान नाही. कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजाती चौथ्या परिशिष्टात आल्या, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक झाले. मुलुंडच्या वाचकांनीही हे पाहून घ्यावे. कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून उपचार लांबवू नयेत, पण नोंदणीही लांबवू नये.

आपण आता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. डब्याचे झाकण हाताने न चाचपता, लांब काठीने ढकलून बंद करा, वर वजन ठेवा आणि डबा सावलीत, मुलांपासून दूर राहू द्या. कोणाला चावा बसला असल्यास, तो किरकोळ ओरखडा वाटला तरी, जखम न कापता, न बांधता, न चोखता त्या व्यक्तीला थेट सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या मोठ्या शासकीय किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्यावे. गरम पाण्याची पिशवी डब्याच्या आत असेल, तर तीही काढायला हात घालू नका. ती आपोआप निवेल.